सिलिका एरोजेलच्या सिंटरिंग प्रक्रियेत रंध्ररचनेत होणारे बदल

प्रस्तावना :
ओल्या जेलमधील द्रव त्याच्या क्रांतिक बिंदूपलीकडे नेऊन काढून टाकल्यास घन जाळी न कोसळता द्रवाची जागा हवा घेते. सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीने मिळणारा अतिशय हलका पदार्थ म्हणजे एरोजेल होय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही या पदार्थावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. सिलिका एरोजेलचा ९० टक्क्यांहून अधिक भाग हवेने व्यापलेला असू शकतो. मात्र तो ठिसूळ असतो. त्याला बळकटी देण्याचा एक मार्ग म्हणजे सिंटरिंग, म्हणजेच पदार्थ न वितळविता उष्णतेने त्याचे कण एकमेकांत सांधणे. या प्रक्रियेत रंध्रे कोणत्या क्रमाने नाहीशी होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ रंध्ररचना :
काही नॅनोमीटर व्यासाच्या सिलिका कणांच्या साखळ्यांतून एरोजेलची जाळी बनते. तिच्यात २ नॅनोमीटरपेक्षा लहान सूक्ष्मरंध्रे, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यरंध्रे आणि त्याहून मोठी स्थूलरंध्रे एकत्र नांदतात. त्यामुळे एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारणतः ५०० ते १००० चौ. मी. भरते.

तापमानानुसार होणारे बदल :
प्रारंभी शोषलेले पाणी व सेंद्रिय गट निघून जातात. पुढे पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट परस्परांशी संयोग पावून पाणी बाहेर पडते व नवे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तयार होतात. या टप्प्यात आकुंचन अल्प असते. सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या आसपास मात्र श्यान प्रवाह प्रभावी होतो. सिलिकाचा वितळणबिंदू १७०० अंशांच्या वर असला, तरी पृष्ठऊर्जा कमी करण्याच्या प्रवृत्तीमुळे घन सांगाडा त्याआधीच संथपणे वाहू लागतो.

रंध्र बंद होण्यास लागणारा काळ श्यानता व रंध्राचा आकार यांच्या सम प्रमाणात आणि पृष्ठताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून सर्व रंध्रे सारखी आकसत नाहीत; लहान रंध्रे प्रथम मिटतात, मोठी दीर्घकाळ टिकतात. याउलट, एरोजेल सर्व बाजूंनी दाबल्यास मोठी रंध्रे आधी कोसळतात. परिणामी घनता समान असलेल्या दोन नमुन्यांची अंतर्रचना पूर्णतः भिन्न असू शकते.

हायड्रॉक्सिल गटांची भूमिका दुहेरी आहे. ते श्यानता घटवून सिंटरिंग जलद करतात. परंतु बाष्प निघून जाण्यापूर्वी रंध्रे बंद झाल्यास ते आत कोंडते आणि नमुना फुगतो.

उपयोजन :
प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. असा किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्यासाठी अंशतः सिंटर केलेल्या एरोजेलचा अभ्यास फ्रान्समध्ये झाला आहे. अशा एरोजेलमध्ये क्षारद्रावण मुरवून ते वाळवितात व नंतर पूर्ण सिंटरिंग करून रंध्रे कायमची मिटवितात. पहिले सिंटरिंग फार लवकर थांबविले, तर द्रवाच्या केशिका बलाने एरोजेल तडकतो. फार उशिरा थांबविले, तर रंध्रे बंद होऊन द्रावण आत शिरत नाही.

निष्कर्ष :
सिंटरिंग म्हणजे केवळ आकुंचन नव्हे, तर लहान रंध्रांपासून सुरू होणारी निवडक प्रक्रिया आहे. म्हणून केवळ घनता मोजणे पुरेसे नाही. पृष्ठफळ व रंध्रांच्या आकारांचे वितरण यांचे मापन केल्यावरच प्रक्रिया योग्य क्षणी थांबविता येते.