शोधयंत्रातील घसरण : जुने संकेतस्थळ आणि नवे

जुन्या पेढीचे गिऱ्हाईक एकाएकी आटले, तर शहाणा व्यापारी आधी वह्या उघडून पाहतो. दुसऱ्या पेठेत नवे दुकान थाटण्याची घाई करीत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ही घाई वारंवार होते. गूगलच्या शोधात अग्रभागी दिसणारे स्थळ मागे पडले, की चालकास नवे डोमेन घ्यावेसे वाटते. तत्पूर्वी घसरणीचे निदान व्हावयास हवे.

जुन्या स्थळापाशी पूर्वेतिहास असतो. गूगलच्या सर्च कन्सोल या सेवेत मागील १६ महिन्यांचे आकडे मिळतात. त्यांत प्रथम हे पाहावयाचे, की क्रम खाली गेला की लोकांचे शोधणेच कमी झाले? दिवाळी अंकांची चौकशी दिवाळीनंतर ओसरते. तो स्थळाचा दोष नव्हे. क्रमच ढळला असल्यास कोणत्या तारखेस आणि कोणत्या पानांचा, हे शोधावे. पानांचे पत्ते बदलून जुन्यावरून नव्याकडे कायमचा निर्देश न ठेवणे, अथवा ‘हे पान नोंदवू नये’ अशी सूचना चुकून राहून जाणे, ही नित्याची कारणे होत. गूगलने स्वतः कारवाई केली असल्यास तसा निरोप याच सेवेत येतो. घसरणीची तारीख मूल्यमापनातील एखाद्या मोठ्या फेरबदलाशी जुळते काय, हेही पाहावे. फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ने निकस मजकुराची, तर एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ने कृत्रिम दुव्यांची किंमत उतरविली.

नव्या डोमेनची गोष्ट निराळी. तेथे तुलनेस मागील वर्षच नसते. पाने नोंदली गेली आहेत ना, एवढे आधी तपासावे. आरंभीचा क्रम अल्प माहितीवर बेतलेला असतो, म्हणून तो वरखाली होतो. त्यास शिक्षा समजू नये.

मग नाव बदलून काय साधते? १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक पद्धतीत इतरांनी दिलेले दुवे हीच पानाची पत मानली गेली, आणि दुव्यांचे महत्त्व आजही आहे. जुन्या नावावरून निर्देश ठेवला नाही, तर वर्षानुवर्षे साठलेली ही पत मागेच राहते. ठेवला, तर पतीबरोबर जुने दोषही नव्या घरी येऊ शकतात. मजकूर निकस असेल, तर तो नव्या नावाखालीही निकसच राहणार. म्हणून आधी तारीख, मग पाने, मग कारण, हाच क्रम हिताचा; नावाचा विचार त्यानंतर करावा.