मुळासकट

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. विळा लावला तर धसकटं रानात राहतात आणि कडबा आखूड होतो. वैरणीवर जनावरं जगवणाऱ्या घराला तेवढाही कडबा सोडवत नाही. माझ्या आत्याचा उभा जन्म या कामात गेला. महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही पोरं तिच्याकडे जायचो, तेव्हा काढणी ऐन भरात असायची.

आधी ती दाणा बघायची. कणीस वरून खाली पिकत येतं, म्हणून बुडाकडचाच दाणा काढायचा. त्याच्या टोकाला काळा ठिपका दिसला की दाताखाली धरायचा. कट्‌ वाजलं की रान काढायला आलं.

काम पहाटेच्या गारव्यात सुरू व्हायचं. दवाने पाती नरम असतात. ऊन चढलं की त्यांच्या कडा हात कापतात आणि कणसांची कूस मानेत शिरून अंग खाजत राहतं. आत्या पदर डोक्याला घट्ट गुंडाळायची, तळव्यांना धोतराच्या चिंध्या बांधायची आणि पात धरायची. दोन-तीन ताटं एकत्र, अगदी जमिनीलगत धरायची. मग तिरपं, आपल्याकडे ओढायचं.

“हिसका मारू नगंस,” ती मला सांगायची. “हिसक्यानं ताट मोडतंय. वजन टाक, मूळ आपसूक येतंय.”

मूळ सुटलं की पायावर आपटून माती झाडायची. ही माती तिच्या लेखी फार मोलाची होती. रानाची माती रानातच राहिली पाहिजे, कडब्याबरोबर गोठ्यात जाता कामा नये. माती झाडली की ताटं ओळीने, कणसं एका अंगाला करून निजवायची. वाळल्यावर ज्वारीच्याच ताटाला पीळ देऊन पेंढी बांधायची. कितीही घाई असो, तिच्या पेंढीत कणसं मागेपुढे झालेली मी पाहिली नाहीत.

हे पीक मुळात चिवट. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि पुढे पाऊस जवळजवळ नाहीच. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ते पिकतं. ओल शोधत मुळं खोल जातात, म्हणून तर ती सहजी सुटत नाहीत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली असं सांगतात, ते हेच गाव.

कणसं मोडायला बाया बसत. मजुरी कणसांतच. वाटा घालताना आत्या प्रत्येकीची पाटी शीग लावून भरायची. वरून ओघळलेली कणसं पुन्हा उचलून तिच्याच पाटीत टाकायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पुटपुटायचे. ती म्हणायची, “उपटलंय तिनं, आपण नुसतं पेरलंय.”

लोक भाकरी खात नाहीत म्हणून ज्वारी मागे पडली, असं म्हणतात. मला ते पटत नाही. शहरात मालदांडीला गिऱ्हाईक आहे, गावात कडब्याला आहे. उपटायला माणूस नाही. कापणीची यंत्रं आली, पण धसकटं उरतातच. आतेभावाने बहुतेक रानात ऊस लावला. वस्तीजवळचा एक तुकडा त्याने मालदांडीला ठेवलाय. दर माघात तो त्या तुकड्यासाठी काढणीची माणसं शोधत शेजारची गावं पालथी घालतो, आणि मजुरी ठरवताना शिगेची पाटी अजून कबूल करतो.