गिअरच्या गाडीला रिमोट स्टार्टर : सोय घेण्याआधी एवढे तपासा

तळेगाव आणि चाकण यांच्यामधल्या पट्ट्यात संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले सुदुंबरे हे गाव आहे. दोन्ही बाजूंना कारखानदारी वाढली तशी या भागातील दुकानदार व कारागिरांच्या दारात चारचाकी आली. बऱ्याच गाड्या जुन्या घेतलेल्या, हाताने गिअर टाकायच्या. तेथील आमच्या एका दुकानदार स्नेह्यांनी विचारले, "उन्हाळ्यात माल भरेपर्यंत गाडी तापते. रिमोट बसवून दुकानातूनच इंजिन आणि एसी चालू केला तर काय हरकत आहे?" हा प्रश्न अनेक व्यापारी बंधूंच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

अडचण कोठे आहे?

पूर्वी इंजिन हॅन्डल मारून सुरू करावे लागे. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि ती मेहनत संपली. पण ही छोटी मोटर फार ताकदीची असते. गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली की गाडी उडी मारते, हा तजुर्बा प्रत्येक ड्रायव्हरला आहे. इंजिन लगेच पेटले तर ती पुढे चालूही लागते.

ऑटोमॅटिक गाडीचा स्टार्टर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्येच फिरतो. गिअरच्या गाडीत ही जबाबदारी आपल्या पायावर असते. अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लचखाली स्विच असतो. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. रिमोटला पाय नाही. म्हणून बसवणारा कारागीर त्या स्विचच्या तारा जोडून टाकतो. म्हणजे कंपनीने दिलेली हिफाजत तेथेच संपते. समोर हातगाडी उभी असेल, एखादे मूल खेळत असेल, तर परिणाम काय होईल हे सांगायला नको.

चांगले यंत्र कसे काम करते?

गिअरच्या गाडीसाठी खास बनवलेल्या यंत्रात यावर तोड काढलेली असते. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालू ठेवूनच चावी काढून उतरायचे. दारे लावून रिमोटने लॉक केले की मग इंजिन आपोआप बंद होते. आत कोणी नाही, क्लचवर पाय नाही, तरी इंजिन चालू राहिले. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच आहे, याची खात्री झाली. त्यानंतर एकही दार उघडले तर यंत्र ही परवानगी रद्द करते, आणि पुन्हा सर्व क्रम केल्याखेरीज रिमोटने इंजिन सुरू होत नाही.

ज्या यंत्रात हा क्रम नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मावळातील खास एहतियात

हा सारा भरवसा दारांच्या स्विचवर आहे. मावळच्या पावसात जुन्या गाडीचे हे स्विच गंजतात; दार उघडले तरी आतला दिवा लागत नाही. अशा गाडीत कोणी दार उघडून गिअर टाकला तरी यंत्राला कळणार नाही. उघड्या खिडकीतून हात घालून गिअर हलवला तरी तेच.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. यंत्राला फक्त दांडा वर ओढला आहे एवढेच समजते. केबल ढिली आहे की घट्ट, हे समजत नाही. आपल्याकडे उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. रिमोटसाठी मात्र गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी लागते. म्हणून उतारावर रिमोटचा नाद सोडावा आणि जुनी रीतच पाळावी.

कायदा आणि विमा

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 126 सांगते की सार्वजनिक जागी उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर लायसनधारक माणूस हवा; नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी चुकून हलणार नाही असा बंदोबस्त हवा. बाजारपेठेत रिकाम्या गाडीचे इंजिन दुरून चालू केले आणि काही घडले, तर मालकाला जाब द्यावा लागेल.

आणखी एक. चावीत चिप असलेल्या गाडीत रिमोट चालावा म्हणून काही कारागीर दुसरी चावी डॅशबोर्डात लपवतात. मग चोराचे काम सोपे होते. विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय असा बदल करू नये; गाडी वॉरंटीत असेल तर डीलरलाही विचारावे.

बंद शेडमध्ये तर इंजिन दुरून कधीच सुरू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

कारागिराला विचारायचे प्रश्न

यंत्र गिअरच्या गाडीसाठीच बनले आहे काय? चारही दारांचे आणि डिकीचे स्विच जोडणार काय? बॉनेट उघडले तर इंजिन सुरू होणार नाही, अशी सोय आहे काय? ब्रेक दाबताच, हँडब्रेक सोडताच इंजिन बंद पडते काय? दहा-पंधरा मिनिटांनी ते आपोआप थांबते काय? हे सारे मोकळ्या, सपाट जागेवर आपल्यासमोर करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सुदुंबऱ्याच्या स्नेह्यांना आमचा सल्ला असा : गाडी जुनी असेल, दारासमोर उतार असेल, किंवा घरची पोरे गाडीत चढत-उतरत असतील, तर हे यंत्र बसवू नका. गाडी सावलीत लावा, निघण्याआधी दोन मिनिटे काचा खाली करा. गरम हवा निघून जाते, आणि त्याला खर्चही नाही. ज्यांना बसवायचेच आहे त्यांनी पूर्ण यंत्र घ्यावे. क्लचच्या दोन तारा जोडून स्वस्तात काम करून देणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नये.