गोळ्या थांबल्या, मग भूक कुठे गेली?

(आजच्या भागाचं लेखी रूप)

आज भुकेबद्दल बोलूया.

समजा, दीड वर्ष नैराश्यावरची गोळी घेतली. बरं वाटायला लागलं, म्हणून आपणच बंद केली. चौथ्या दिवशी फोडणीच्या वासानेसुद्धा मळमळतंय, चक्कर येतेय. आई म्हणते, "बघ, परत सुरू झालं तुझं." आणि आपणही घाबरतो.

थांबा. आजार परतलाय असं लगेच ठरवू नका.

आपण सेरोटोनिनला मेंदूचं रसायन समजतो. पण शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन पोटात, आतड्यांत असतं. म्हणजे गोळीची सवय मेंदूला होते तशी पोटालाही होते. ती अचानक थांबली की पोट गोंधळतं. मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना उडणं, हे त्यातूनच होतं.

आता, सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मिर्टाझापीन शरीरातल्या हिस्टामीनचं काम अडवते, म्हणून ती घेताना झोप येते, भूक वाढते. ती थांबली की भूक उतरते. उलट फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला बऱ्याच जणांची भूक कमी होते. ती सोडल्यावर काहींना जास्त खावंसं वाटतं. म्हणून शेजारच्याचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही.

दुसरं, गोळी शरीरातून किती वेगाने बाहेर पडते? वेन्लाफॅक्सीन, पॅरोक्सेटीन लवकर जातात, त्यामुळे त्रास साधारण दोन ते चार दिवसांत जाणवतो. फ्लुओक्सेटीन कित्येक आठवडे रेंगाळते, त्यामुळे तिचा त्रास कमी किंवा उशिरा होतो.

मग ओळखायचं कसं? दोन गोष्टी बघा: कधी सुरू झालं, आणि सोबत काय आहे. थोड्या दिवसांत सुरू झालं, सोबत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं असतील, तर बहुधा गोळी सुटल्याचा परिणाम. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू भूक मेली आणि सोबत कशातच रस नाही, उदास वाटतंय, तर आजार परतत असू शकतो. पण ही फक्त खूण आहे. काहींचा त्रास महिनोन्‌महिने चालतो, दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळतात. निदान डॉक्टरांनीच करायचं.

त्यांना सांगायला सोपं जावं म्हणून कॅलेंडरवर लिहा: गोळी कधी कमी केली, किती जेवलो, वजन किती.

तोवर थोडं थोडं खा. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक. डायबेटिसची औषधं चालू असतील तर जेवण कमी झाल्याचं डॉक्टरांना लगेच कळवा, साखर खाली जाऊ शकते. पाणीही पोटात टिकत नसेल तर वाट बघू नका.

आणि मुख्य म्हणजे गोळी एकदम तोडू नका. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. कधी त्याला आठवडे लागतात, कधी महिने. आधीच तोडली असेल तर लपवू नका, फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस, १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास.

आईलाही हा भाग ऐकवा. भेटूया पुढच्या वेळी.