पहिल्या मुलाखतीतील ‘मी’ : शिरूर-दौंड परिसराच्या निमित्ताने एक भाषिक विचार

‘मुलाखत’ हा शब्द मराठीने अरबी-फारसीच्या द्वारे घेतला. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘भेट’ असा आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. ज्याच्या ठायी उमेद, म्हणजे आशा, आहे तो उमेदवार. पुढे काम मिळेल या आशेने आधी ते शिकत राहणे यास आपण ‘उमेदवारी करणे’ म्हणत आलो, आणि १९६१ च्या कायद्यान्वये कारखान्यात शिकणाऱ्यास ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात, त्यातही तोच अर्थ टिकून आहे. परंतु ‘मुलाखत’ मात्र आता भेट राहिलेली नाही. तीत एक पक्ष विचारतो आणि निर्णय देतो; दुसरा उत्तरे देतो आणि वाट पाहतो. हा विषम भाषाव्यवहार जो प्रथमच करीत आहे, त्याने त्याची तयारी कशी करावी, या प्रश्नाचा भाषाशास्त्राच्या अंगाने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे दोन तालुके या विचारास सोयीचे आहेत. घोड नदीच्या काठचे शिरूर जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘घोडनदी’ आहे. तालुक्यातील रांजणगाव हे महागणपतीचे क्षेत्र, आणि त्याच गावाच्या परिसरात मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. भीमेच्या काठचे दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथेच राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे आहेत, आणि सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभ येथे रासायनिक व औषधी कारखान्यांची वसाहत आहे. रेल्वे, पोलीस दल व कारखाना अशा तीन वाटा येथील तरुणांपुढे असतात. पैकी केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ व ‘ड’ गटांतील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. पोलीस शिपायाची निवड शारीरिक व लेखी चाचणीवर होते. कारखान्याच्या दारात मात्र मुलाखत कायम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींस, हातात कसब असूनही, आपल्या कसबाविषयी बोलून दाखविण्याची परीक्षा तेथे प्रथम द्यावी लागते.

ही परीक्षा ‘चांगल्या भाषेची’ आहे असा सर्वसाधारण समज असतो. ‘पानी’ऐवजी ‘पाणी’, ‘हाय’ऐवजी ‘आहे’ एवढे साधले, जोडीला इंग्रजीची चार वाक्ये पाठ केली, की तयारी झाली असे मानले जाते. हा समज अपुरा आहे. ब्रिटनमधील नोकरीच्या मुलाखतींचा सीलिया रॉबर्ट्स यांनी अभ्यास केला. परदेशात जन्मलेल्या उमेदवारांची पीछेहाट केवळ इंग्रजीच्या कच्चेपणामुळे होत नाही, मुलाखतीत कोणत्या पद्धतीचे बोलणे अपेक्षित असते याच्या अलिखित संकेतांमुळे होते, असे त्यांनी दाखविले. या हानीस त्यांनी ‘भाषिक दंड’ असे नाव दिले. शिरूरचा मुलगा परदेशी नाही आणि त्याची मातृभाषा मराठीच आहे. तरीही असा दंड त्यासही बसू शकतो. कसा, ते पाहण्यासाठी उच्चारांकडून वाक्यरचनेकडे वळावे लागेल.

एक नमुना घेऊ. फिटरच्या ट्रेडचा एक उमेदवार आहे. त्यास विचारले जाते, ‘प्रशिक्षणात काय काय काम केले?’ तो उत्तरतो, ‘फाइलिंग केलं, ड्रिलिंग केलं, फिटिंगचे जॉब केले.’ मराठी म्हणून या वाक्यांत काहीही उणे नाही. परंतु ही कामे कोणी केली? मराठीत कर्ता गाळण्याची मुभा आहे, कारण बहुधा क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. ‘गेलो’ म्हटले की ‘मी’ किंवा ‘आम्ही’ उघड असते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र ही सोय राहात नाही, कारण तेथे क्रियापद कर्त्याशी न जुळता कर्माशी जुळते. ‘जॉब केला’ हे रूप मी केला, आम्ही केला, त्याने केला, मास्तरांनी केला, या सर्वांना सारखेच लागू पडते. घरी, शेतावर, मित्रांत हा कर्ता प्रसंगावरून कळतो. मुलाखत घेणाऱ्यास तो प्रसंग ठाऊक नसतो. आणि त्यास नेमके हेच जाणून घ्यावयाचे असते, की यातले या मुलाच्या हातचे किती.

कर्ता गाळला जातो तो केवळ व्याकरणाच्या मुभेमुळे नव्हे. आपल्या समाजात ‘मीपणा’ हा दोष गणला जातो. वडीलधाऱ्यांसमोर ‘मी केले, मी केले’ असे म्हणणारे पोर उद्धट ठरते. म्हणून ‘मी’ येतो तेथेही तो ‘आम्ही’ होऊन येतो. ‘आम्ही मोटार उघडून दुरुस्त केली’ या वाक्यात बोलणारा स्पॅनर हाती घेऊन होता की बाजूला उभा होता, हे कळत नाही. ‘आपण’चा घोटाळा त्याहून मोठा आहे. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्यासही पोटात घेतो आणि आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागीही येतो. ‘आपण ते काम करून टाकू’ असे उमेदवाराने उत्साहाने म्हटले, तर ते वचन होते की सूचना, याचा निवाडा ऐकणाऱ्यावर राहतो.

तिसरी गोष्ट चतुर्थीची. मराठीत कसब हे बहुधा ‘येते’: ‘मला वेल्डिंग येते.’ येथे व्याकरणात वेल्डिंग हा कर्ता असून माणूस चतुर्थीत आहे. हा प्रयोग सुंदर व स्वाभाविक आहे. तो टाळण्याचे कारण नाही. परंतु तो एक स्थिती सांगतो, कृती सांगत नाही. ‘वेल्डिंग येते का?’ या प्रश्नास ‘येते’ हे उत्तर पूर्ण आहे, तरी विचारणाऱ्याची अपेक्षा ‘येते, मी अमुक जाडीच्या पत्र्यावर अमुक जोड केला आहे’ अशी असते. प्रश्नाचे रूप होय-नाहीचे, आणि मागणी मात्र वृत्तांताची, हा मुलाखतीचा एक अलिखित संकेत आहे. ‘स्वतःविषयी सांगा’ ही मागणीही अशीच फसवी आहे. घरगुती संवादात तिचे उत्तर नाव, गाव, आईवडील, भावंडे असे असते. कारखान्यात ‘या कामास उपयोगी पडेल असे स्वतःविषयी सांगा’ असा तिचा अर्थ असतो.

उरतो तो मौनाचा प्रश्न. विल्यम लॅबॉव यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण नोंदविले. मुलाखतकार त्याच वस्तीतला, मुलाच्या ओळखीच्या भाषेत बोलणारा असूनही मुलगा एकदोन शब्दांपलीकडे जाईना. पुढच्या खेपेस त्याच मुलाखतकाराने बटाट्याचे तळलेले काप आणले, मुलाच्या मित्रास सोबत घेतले आणि स्वतः जमिनीवर बसला. तोच मुलगा आता मोकळेपणाने बोलू लागला. तात्पर्य हे, की अल्पभाषण हा बोलणाऱ्याच्या बुद्धीचा गुण किंवा दोष नसून प्रसंगाचा परिणाम असू शकतो. सर्वनामांविषयी ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० साली मांडलेला विचार येथे जोडून पाहावा. एकाने ‘तू’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ म्हणावे, ही विषम देवघेव सत्तेची खूण असते. टेबलापलीकडून ‘तुझं नाव काय?’ असा प्रश्न आला, की समोरचा तरुण क्षणात घरातल्या धाकट्याच्या भूमिकेत जातो. आणि धाकट्याने विचारल्यापुरते बोलावे, ही तर त्याची शिकवण. जी नम्रता घरी सद्गुण, तीच येथे ‘आत्मविश्वास नाही’ म्हणून लिहिली जाते.

मग तयारी कोणती? पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत, कारण प्रश्नाचे शब्द थोडे बदलले तरी ती कोसळतात. त्याऐवजी आपल्या हातून झालेल्या कामाच्या तीन-चार लहान हकिकती जुळवून ठेवणे अधिक हिताचे. लॅबॉव व वॅलेट्स्की यांनी १९६७ साली तोंडी हकिकतीची अंगे दाखविली: आधी प्रसंगाची ओळख, मग अडचण, तिचे महत्त्व, आणि उकल. फिटरची हकिकत अशी होईल: ‘पहिल्या वर्षी मी चौकोनी फिटिंगचा जॉब केला. जोडताना एका बाजूला फट राहात होती. मी ट्राय स्क्वेअर लावून पाहिला, तर एक कोपरा काटकोनात नव्हता. फट राहिली तर जॉब बाद होतो, म्हणून मी ती बाजू पुन्हा घासली, व्हर्निअरने मापली, आणि मग जॉब बसला.’ येथे ‘मी’ तीन वेळा आला आहे. पण बढाई कोठेही नाही, कारण प्रत्येक ‘मी’च्या मागे एक क्रियापद आणि एक वस्तू आहे. मीपणा विशेषणांत असतो, क्रियापदांत नसतो, हे मुलांस एकदा पटले म्हणजे संकोच बराच ओसरतो. जे काम गटाने केले, तेथे ‘आम्ही चौघे होतो, त्यात माझ्याकडे मापाचे काम होते’ असे म्हणावे. त्याने सत्यही राखले जाते आणि सोबत्यांचा मानही.

अशा हकिकती मनात जुळवून भागत नाही. त्या मोठ्याने, परक्या माणसासमोर, सांगून पाहाव्या लागतात. घरच्या माणसास अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते, म्हणून त्याच्यापुढचा सराव अपुरा पडतो. मुलाखत घेणारा परप्रांतीय असला तर बोलणे हिंदीकडे झुकते. तेथे प्रारंभीच ‘मराठीत सांगितले तर चालेल का?’ असे सरळ विचारण्यात कमीपणा नाही. यंत्रांची व मापांची नावे तिन्ही भाषांत बहुशः एकच असल्याने हकिकतीचा सांगाडा भाषा बदलली तरी टिकतो. ‘ण’ आणि ‘न’ यांच्या उच्चारावर मात्र फार वेळ खर्चू नये. त्याने माणूस आपल्याच जिभेवर पहारा ठेवू लागतो आणि सांगावयाचे ते विसरतो.

तथापि तयारीचा सगळा भार उमेदवाराने वाहावा हे न्याय्य नाही. जॉन गंपर्झ यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेले एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहात भारत-पाकिस्तानकडील स्त्रिया वाढताना ‘ग्रेव्ही’ हा शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज ग्राहकांस तो प्रश्न न वाटता उद्धटपणा वाटे. हा उलगडा झाला तेव्हा वाढणाऱ्या स्त्रियांप्रमाणेच त्यांच्या वरिष्ठांनाही काही कळले. येथेही मुलाखत घेणाऱ्याने ‘यातले तुम्ही स्वतः काय केले?’ हा एकच जास्तीचा प्रश्न विचारला, तर गाळलेला कर्ता परत येतो. आणि जे कसब हाताचे आहे, ते शब्दांऐवजी हातांनीच दाखविण्याची संधी दिली, तर उभयतांची सोय होते.

आपल्या विभागापुढे यातून एक काम येते. मराठीतील कर्तृलोप, ‘आम्ही-आपण’चा भेद, चतुर्थीचा कर्ता हे विषय आपण वर्गात शिकवतो ते व्याकरणाचे प्रकरण म्हणून. परंतु रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या फाटकाशी प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने त्यांचे मोल तिच्या पहिल्या पगाराएवढे आहे. प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने, उमेदवारांची संमती घेऊन, सरावाच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे व त्यांचे विश्लेषण त्यांच्याच हाती परत देणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य आहे. भाषाशास्त्राचे ज्ञान ज्यांच्या बोलण्यातून मिळते, त्यांच्या उपयोगी ते पडावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.