आडव्या इंजिनाची लांब वाट

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलची परीक्षा संध्याकाळी होते. दिवसभरात पाचशे किलोमीटर कापून उतरल्यावर मनगटं बधिर झालीत का, कंबर धरली का, कानात वारा घोंघावतोय का, ते पाहायचं. होंडाची गोल्ड विंग पन्नास वर्षं याच परीक्षेची तयारी करत आली आहे.

१९७४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. नाव जीएल १०००. होंडाच्याच गाजलेल्या सीबी ७५० मध्ये चार सिलिंडर एका ओळीत उभे होते. इथे ते आडवे झाले, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. एकाचा धक्का दुसरा जिरवतो, त्यामुळे थरथर हँडलपर्यंत फारशी पोचत नाही.

आडव्या इंजिनाचा आणखी मोठा फायदा वजनाचा. गाडीतली सर्वांत जड वस्तू जमिनीजवळ आली. मग पेट्रोलही खाली आणलं: टाकी सीटखाली गेली आणि नेहमीच्या टाकीच्या जागी विजेचं सामान आणि हत्यारं बसली. उभी असताना जड वाटणारी ही गाडी चाकं फिरू लागली की हलकी होते, ती यामुळे.

या रचनेत एक अडचण होती. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, म्हणून ॲक्सिलरेटर पिळला की गाडी एका बाजूला कलू पाहते. होंडाच्या अभियंत्यांनी अल्टरनेटर उलट दिशेने फिरवून तो हिसका मोडून काढला. मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट दिला. मुक्कामी पोचल्यावर चेनला तेल द्यायला नको, ती ताणायलाही नको.

तरीही पहिली गोल्ड विंग उघडीच होती. वारा अडवणारी काच नव्हती, सामानाच्या पेट्या नव्हत्या. अमेरिकेतल्या प्रवाशांनी ती आपल्या गरजेप्रमाणे सजवली. अमेरिकी डिझायनर क्रेग व्हेटर यांची ‘विंडजॅमर’ फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, कितीतरी गाड्यांवर चढली. होंडाने ते पाहिलं आणि १९८० च्या ‘इंटरस्टेट’ मॉडेलला फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच लावून दिल्या. गाडीचा उपयोग काय, हे चालवणाऱ्यांनी ठरवलं आणि कंपनीने ते मानलं. मला या गाडीच्या इतिहासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढची प्रत्येक सुधारणा अशीच कुठल्या तरी त्रासातून आली. उताराकडे तोंड करून लावलेली भरलेली गाडी मागे ओढणं एकट्याच्या आवाक्यातलं नसतं; म्हणून १९८८ मध्ये सहा सिलिंडरांच्या जीएल १५०० ला रिव्हर्सची सोय आली आणि त्यासाठी स्टार्टर मोटरचीच ताकद वापरली. २००६ मध्ये एअरबॅग आली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर ती जगात पहिलीच. २०१८ च्या १८३३ सीसी गाडीत पुढचे नेहमीचे दोन फोर्क गेले आणि मोटारीसारखं डबल विशबोन सस्पेन्शन आलं. चाक वळवण्याचं काम आणि खड्ड्याचा धक्का सोसण्याचं काम वेगळं झालं, त्यामुळे खड्ड्यावर चाक उसळलं तरी मनगटाला झटका कमी बसतो. सात गिअरच्या डीसीटी (ड्युअल क्लच ट्रान्समिशन) प्रकारात क्लचचं लिव्हरच नाही; गर्दीत डावा पंजा दुखायचा प्रश्न मिटला.

भारतात ही गाडी जपानहून तयार होऊन येते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे आणि समृद्धी महामार्गावरही. जिथे ती खुलली असती, ते महाराष्ट्रातले रस्ते तिला बंद आहेत, याची मनापासून हळहळ वाटते.

वजन खाली ठेवण्याचा तिचा धडा मात्र दीडशे सीसीच्या गाडीवर लेह किंवा कन्याकुमारीला निघालेल्यालाही घेता येतो. हत्यारं, सुटे भाग, पाण्याच्या बाटल्या मागच्या कॅरिअरवर उंच बांधू नयेत. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि सीटला लगटून भराव्यात. पहिल्याच घाटात फरक कळेल, आणि संध्याकाळी कंबरेला.