सर्व्हरची दोन दारे

आपल्या रुग्णालयातील केसपेपर, तपासण्यांचे निष्कर्ष व बिले ज्या डेटाबेस सर्व्हरवर साठविली जातात, त्याला दोन नेटवर्क कार्डे आहेत. एक कार्ड नोंदणी कक्ष, प्रयोगशाळा व वॉर्ड यांच्या अंतर्गत जाळ्यास जोडलेले आहे. दुसरे इंटरनेटच्या बाजूस असून रात्री बॅकअपची प्रत बाहेर पाठविण्यापुरते लागते. रुग्णांची माहिती आतल्या दारानेच मिळावी, बाहेरच्या दारावर डेटाबेसने कोणास ओ देऊ नये, ही आमची अपेक्षा. अहवाल वर्षातील तपासणीत तसे नसल्याचे आढळले.

आमच्याकडील डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे. त्याच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी प्रोटोकॉलखाली प्रत्येक आयपी पत्त्यापुढे 'एनेबल्ड' अशी नोंद असते. बाहेरील पत्त्यापुढे 'नो' लिहून आम्ही निश्चिंत होतो. परंतु शेजारच्याच पानावरील 'लिसन ऑल' हा पर्याय 'येस' राहिला होता. आणि तो तसा असेपर्यंत पत्त्यांपुढील होकार-नकार विचारातच घेतले जात नाहीत. सर्व्हर सर्व कार्डांवर ऐकत राहतो. फायरवॉलने १४३३ क्रमांकाचा पोर्ट अडविला होता, एवढीच काय ती आपली पुण्याई!

ही भीती काल्पनिक नव्हे. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' या किड्याने यूडीपी १४३४ या पोर्टवाटे जगभरातील हजारो एसक्यूएल सर्व्हर काही मिनिटांत ग्रासले. त्यावरील दुरुस्ती जुलै २००२ पासून उपलब्ध होती.

आता 'लिसन ऑल' 'नो' केले असून अंतर्गत पत्ता व सर्व्हरचा स्वतःचा १२७.०.०.१ हे दोनच चालू ठेवले आहेत. डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करून १४३३ हा पोर्ट कायम केला. सर्व संगणकांवर तो नमूद असल्याने १४३४ वर उत्तर देणारी ब्राउझर सेवाही बंद करता आली. अंतर्गत कार्डाचा पत्ता मात्र यापुढे बदलता कामा नये, अन्यथा नोंदणी कक्षास डेटाबेस सापडणार नाही. म्हणून तोही कायमचा नेमून दिला.

बदल लागू होण्यास डेटाबेस सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. हे काम मध्यरात्रीनंतर केले. तेवढा वेळ तातडीच्या रुग्णांची नोंद परिचारिका भगिनींनी कागदावर ठेवली आणि पहाटेपूर्वी ती संगणकात चढविली.